गाणी कापलेली भुतं

रियाध, १२ मे २०१६

जुबेदा,

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी अरवाला चहा दे. माझी इथली शेजारीण, बिचारी सुट्टीवर गावी आलेली, मेच्या उन्हातून हे पाकीट घेऊन तुझ्या दारात उभी आहे आणि आपल्या भांडणातलं तिला काही ठाऊक नाही. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर मला बंद करून टाकलंस. म्हटलं, माणसाच्या हातून आलेल्या पत्राला तरी दार उघडशील. आपल्याकडे अजून ते कोणी बंद केलेलं नाही.

काम काही नाही. घाबरू नकोस, मागायलाही लिहीत नाही. सिनेमाबद्दल लिहायचं आहे.

आमचे हे, तुझे दुल्हाभाई, परवा दुकानातून एक मोठं खोकं घेऊन आले. मोबाइलचं होण्याआधी ते दुकान व्हिडिओ कॅसेटचं होतं ना, तेव्हाचा उरलेला माल. कधीचा माळ्यावर पडून होता. मी म्हटलं, हे घरात कशाला? तर म्हणाले, "जरा आवराआवर चाललीय." खोक्यात सगळे भूतपट निघाले, जुबेदा! चांगले सिनेमे लोकांनी कधीच नेले, भुतं मात्र आमच्यासाठी राहिली. जुना व्हीसीआर मी अत्तराच्या बोळ्यानं पुसला. पहिल्यांदा नुसतं पांढरं दिसलं आणि मग एकदम आला तो लाल अक्षरांतला 'कुएँवाली दुल्हन'!

आठवते? मामूच्या लग्नात भाड्यानं व्हीसीआर आणला होता तेव्हा लावलेली. पुरुष ओट्यावर बसलेले आणि आपण पोरी खिडकीच्या गजांना लटकलेल्या. नवी नवरी कंदील घेऊन विहिरीकडे निघाली की तू मागून ओरडायचीस, "अगो बये, घर सोड नि पळ!" सगळे पुरुष दचकायचे. भुताला घाबरले नसतील तेवढे तुझ्या आवाजाला घाबरले.

पण इथली कॅसेट वेगळी आहे. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर हे दुकान आणि इथं राहायचे आमचे कागद, तो पहिल्यापासून भित्रा. कोणी तपासायला आलं आणि टीव्हीवर बाई नाचताना दिसली तर दुकान जाईल, या धास्तीनं तो गाणी ठेवूच द्यायचा नाही. मग तुझे दुल्हाभाई दोन मशीन जोडून बसायचे आणि गाणी वगळून कॉपी काढायचे. पाकिटावरच्या बायकांना काळ्या मार्करनं झाकायचे, भुताला मात्र तसंच ठेवायचे. गाणी काढली की भूतपट किती वाईट होतो, तुला सांगते. गाण्यात आपण पाणी प्यायचो, हसायचो, एकमेकींची वेणी ओढायचो. इथं एक किंकाळी संपते न संपते तोच दुसरी सुरू. श्वास घ्यायला जागाच नाही.

आणि हद्द म्हणजे या सिनेमाच्या शेवटाला गाणं असणार, कारण यांनी शेवटच कापून टाकलाय! गिऱ्हाइकं परत येऊन विचारायची, पुढं काय झालं? हे गल्ल्यावर बसून तोंडी सांगायचे, दर वेळी वेगळं. मला खरा शेवट आठवत नाही, मी झोपले होते. तू जागी होतीस. सांगशील?

आमच्या मेहेकची बारावीची परीक्षा झाली. तुझी आठवण काढते.

सकिना


रियाध, १४ जून २०१६

जुबेदा,

रमझान मुबारक. रोजे कसे चाललेत? इकडे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मी परदे ओढून भूतपट बघते. तोबा तोबा करू नकोस. रमझानमध्ये शैतानाला बांधून ठेवलेलं असतं, म्हणजे भुतं बघायला याच्याइतका सुरक्षित महिना दुसरा नाही. मेहेकला हे सांगितलं तर कपाळावर हात मारून म्हणाली, "अम्मी, आपका लॉजिक!" पण बसते शेजारी. मोबाइल हातात, डोळे टीव्हीवर.

तुझं उत्तर आलं नाही. अरवानं फोन करून सांगितलं की तू चहा दिलास, वर फणसाचे तळलेले गरे दिलेस आणि पत्र न उघडता फ्रिजवर ठेवलंस. ठीक आहे. फ्रिजवर ठेवलंस, कचऱ्यात नाही. मी एवढ्यावर खूष आहे बघ.

आता सांगते. मागच्या पत्रात सांगितलं नाही. सरकारनं नियम काढलाय की मोबाइलच्या दुकानात निम्मी माणसं सौदी पाहिजेत आणि सप्टेंबरपासून सगळीच. पहिल्या रोज्यापासूनच लागू झाला. कफीलनं गल्ल्यावर कोणी सौदी पोरगा बसवलाय, तो येतो तेव्हा येतो. मेहेकच्या अब्बांना मागच्या खोलीत बसायला सांगितलंय. जिथं कॅसेटी कॉपी करायचे, तीच खोली. तिथं बसून ते मोबाइल दुरुस्त करतात आणि पुढून कोणी अनोळखी आला की हातातलं सगळं टाकून गप्प राहतात. सारी उमर त्यांनी गिऱ्हाइकाशी बोलण्यावर काढली, तुला माहीत आहे किती बोलतात. घरी येऊनही आता हळूच बोलतात.

म्हणजे तुझ्या यासीनचं जे झालं तेच. मला माहीत आहे तू हे वाचताना हेच म्हणणार आहेस, म्हणून मीच लिहिते. तीन वर्षांपूर्वी धरपकड सुरू झाली तेव्हा यासीन त्याच मागच्या खोलीत बसायचा. त्याचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, दम्मामच्या माणसाच्या नावावर आणि काम आमच्या दुकानात. अशी कितीतरी माणसं होती तेव्हा, सगळे करायचे. तू म्हणालीस की दुल्हाभाईनं मनावर घेतलं असतं तर यासीनला आपल्या कफीलकडे घेतला असता. जुबेदा, कफीलकडे एकही जागा नव्हती. हे त्याच्या दारात रोज जाऊन बसत होते. शेवटी तुरुंगाशिवाय घरी परत जायला दिलेली मुदत संपायच्या आत यासीनला गाडीत घालून यांनी स्वतः एम्बसीत नेलं. तू म्हणालीस, "माझ्या माणसाला उचलून दिलंत." मी तेव्हा फोनवर तुला खूप बोलले आणि तू मला त्याहून जास्त बोललीस. ते शब्द काही मी इथं पुन्हा लिहीत नाही.

मी मागायला लिहीत नाही म्हणाले होते, ते खोटं होतं. मेहेकला चांगले मार्क पडलेत, ऐंशीच्या वर. इथं बारावीनंतर आपल्या पोरांना कॉलेज नाही. तिला बी.एस्सी. करायचंय. रत्नागिरीत तुझ्याकडे राहू दे. पोरगी शांत आहे, घरकाम येतं थोडंफार, मासे मात्र साफ करता येत नाहीत, ते तू शिकव. दुसऱ्या कोणाकडे मी तिला ठेवू शकत नाही. माझं दुसरं आहे कोण?

उत्तर दे गो. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, पण काहीतरी म्हण.

सकिना


रियाध, १२ जुलै २०१६

माझी जुबेदा,

ईदच्या दुसऱ्या दिवशी तुझं पत्र हातात पडलं. सगळं पत्र तीन ओळींचं! "शेवटी कोणी मरत नाही. उजाडतं आणि सगळे आपापल्या घरी जातात. मेहेकला पाठव." मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि अशी रडले की हे धावत आले. त्यांना वाटलं, तूच गेलीस.

शेवट तू खोटा सांगितलास, मला माहीत आहे. तेव्हाही मला झोपवायला हेच सांगितलं असणार. भूतपटात सगळे घरी गेलेले मी तरी कधी पाहिले नाहीत. पण राहू दे, मला हाच शेवट चालेल.

मेहेकला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती मराठी वाचायला अडखळते, तेवढं सांभाळून घे. लगेच विचारू लागली, खालाच्या घरी वायफाय आहे का, गच्ची आहे का, समुद्र किती लांब. तिनं बॅग काढून हॉलमध्ये ठेवली आहे. तिच्यात रोज काहीतरी टाकते आणि रोज काहीतरी काढते.

बाणकोटच्या नूरुद्दीनकडून कळलं की यासीन स्वतः कॉलेजात जाऊन रांगेत उभा राहिला आणि मेहेकचा अर्ज भरून आला. बर्फाचं दुकान दिवसभर बंद ठेवून. यांना सांगितलं तर हे बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. तू यासीनला माझा सलाम सांग. यांचाही सांग. यांना स्वतः सांगायची लाज वाटते.

तिकीट बघतोय. थोडं कागदाचं काम राहिलंय, ते झालं की कळवते. काळजीचं काही नाही.

काल 'सातवा पहारेकरी' नावाचा एक बघितला. हवेलीत अडकलेली माणसं रात्रभर किल्ली शोधतात. मेहेक म्हणाली, "अम्मी, दरवाज़ा तोड़ते क्यूँ नहीं?" मी म्हटलं, तोडला तर सिनेमा संपेल ना. ती हसली. ती हसली की मला बरं वाटतं, हल्ली कमी हसते.

तुझी सकिना


रियाध, ९ ऑगस्ट २०१६

जुबेदा,

यासीनचा निरोप मिळाला की कॉलेज सुरू झालंय आणि मेहेक कधी येते म्हणून तिथले साहेब विचारताहेत. तू विचारतेस, तिकीट काढायला एवढा वेळ कशाला? काही लपवतेस का?

लपवतेय. पहिल्या पत्रापासून लपवतेय. मी तुला सिनेमाबद्दल लिहीत होते तेव्हाच यांचा इकामा संपलेला होता. रजबमध्ये, म्हणजे एप्रिलमध्येच संपला. दुकान लाल यादीत गेलंय. दुकानात पुरेशी सौदी माणसं नसली की सरकार ते लाल करतं, मग तिथल्या कोणाचाच इकामा नवा होत नाही. बायकोमुलीचा इकामा नवऱ्याच्या इकाम्याला बांधलेला. तो संपला की आमचाही संपला. आणि इकामा चालू नसेल तर देश सोडायचा शिक्काही मिळत नाही. म्हणजे राहायची परवानगी नाही म्हणून जायची परवानगी नाही. मी हे यांना किती वेळा विचारलं, की असं कसं? माणूस जातो म्हणतोय तर जाऊ द्या ना! हे म्हणतात, "सकिना, मला कळलं असतं तर मी तुला सांगितलं नसतं का?"

कफील वाईट नाही, खरं सांगते. एवढ्या वर्षांत एकही ईद अशी गेली नाही की त्यानं खजुराचा डबा पाठवला नाही. त्यालाही माणसं मिळत नाहीत. पगार ऐकून पोरं दोन दिवसांत निघून जातात. पहिल्यांदा यांना म्हणायचा, "बुकरा, इन्शाल्ला." उद्या, उद्या. मग म्हणाला, "खलास, सिराज, माझ्या हातात काही नाही." आता फोन लागत नाही. हे घरी गेले तर त्याच्या मुलानं सांगितलं, बाबा आजारी आहेत. असतीलही.

बाहेर आम्ही जास्त जात नाही. वाटेत कोणी इकामा मागितला तर काय दाखवायचं? भाजीसुद्धा शेजारचा ड्रायव्हर आणून देतो. मेहेक तर कुठंच जात नाही. तिच्या वर्गातल्या मुली एकेक करून गेल्या. कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला, फोटो पाठवतात कॉलेजच्या गेटसमोरचे. ती लाइक करते आणि फोन उलटा ठेवते. बॅग हॉलमध्येच आहे. आता तिच्यात काही टाकत नाही, काढतही नाही. मी त्यावरची धूळ पुसते.

परवा दुपारी 'कुएँवाली दुल्हन' पुन्हा लावली. मेहेकच म्हणाली लाव. बघता बघता तिनं विचारलं, "अम्मी, ये लोग घर छोड़ के जाते क्यूँ नहीं?" अगदी तू ओरडायचीस तसं. एरवी मी काहीतरी गंमत केली असती. या वेळी मी म्हटलं, "नसेल जाता येत." तिनं टीव्ही बंद केला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढी मोठी पोरगी. इथंच जन्मलेली, दुसरा गाव तिनं सुट्टीपुरता पाहिलेला. म्हणाली, "मैंने क्या किया है?" मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले.

आई म्हणून मला काहीतरी करता यायला पाहिजे होतं, जुबेदा. कोणाचे पाय धरायला पाहिजे होते, पण कोणाचे ते तरी कळायला हवं. ऑफिसात जावं तर यांना उभं करत नाहीत, मला कोण करणार! मी चपात्या करते, दुवा मागते, कॅसेट उलटी फिरवते. बास.

कॉलेजवाल्यांना सांग, मुलगी आजारी आहे. एवढं खोटं माझ्यासाठी बोल. जागा जाऊ देऊ नको. यासीनला म्हणावं, साहेबांना आणखी एकदा भेट. तो पुष्कळ करतोय हे मला कळतं, पण दुसरं कोणाला सांगू?

सकिना


रियाध, २० सप्टेंबर २०१६

जुबेदा,

मेहेक येतेय. आधी हे लिहिते, म्हणजे पुढचं वाचायला तुला धीर राहील. साहेबांनी एक ऑक्टोबरपर्यंत जागा धरून ठेवली, यासीननं त्यांना काय सांगितलं देव जाणे. आम्ही त्याआधी पोचतो.

नूरुद्दीन, बाणकोटचा तो, हुफूफला असतो हे तुला ठाऊक आहे. खजुराच्या बागेत पॅकिंगचं बघतो. त्यानं आपल्या मालकाला यांच्याबद्दल सांगितलं. मालकाला माणूस हवाच होता, कापणीचे दिवस. तो म्हणाला, मी सिराजला माझ्या नावावर घेतो, मागचं सगळं निस्तरतो, इकामा नवा करतो. अट एकच, दोन वर्षं हलायचं नाही.

यांनी मला विचारलं नाही. सही करून आले आणि मग सांगितलं. कागदावर आता ते शेतमजूर आहेत. कागदावरच नाही, खरोखरीच. ज्या माणसाला कुंडीतली तुळस आणि पुदिना वेगळा ओळखता येत नाही, तो माडाएवढ्या झाडांवर चढणाऱ्यांच्या खाली उभा राहून खजूर गोळा करणार. मी हसले. हसू आलं खरंच. हेही हसले. मग त्यांनी राहिलेलं सांगितलं.

मजुराच्या इकाम्यावर बायकोमुलांना इथं ठेवता येत नाही. दुकानदार होते तोवर आम्ही होतो. म्हणून कागद बदलायच्या ओघातच आमच्या दोघींच्या पासपोर्टवर कायमचा शिक्का मारून घेतला, फायनल एग्झिट. मी म्हटलं, आपण तिघंही जाऊ या. तर म्हणाले, "मी जातो म्हटलं असतं तर त्यानं इकामा कशाला नवा केला असता? आणि इकामा नसता तर मेहेकला शिक्का कोणी दिला असता?" तीन वेळा सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. ते राहिले तरच ती सुटते. त्यांनी ते आधीच कळून घेतलं होतं. मी शिव्या घातल्या त्यांना, एवढ्या वर्षांत घातल्या नव्हत्या तेवढ्या. ते ऐकून घेत होते आणि बॅगेची चेन नीट करत होते.

आता घर रिकामं करतोय. सोफा शेजारच्यांना दिला. कॅसेटी कचराकुंडीशी ठेवल्या, कोणी उचलल्या नाहीत. यांना भात करायला शिकवतेय. बोटाच्या पेरापर्यंत पाणी घाला म्हटलं, तर विचारतात, माझं बोट की तुझं? गेल्या शुक्रवारी हुफूफची खोली बघून आले. सगळे पुरुष, एकावर एक पलंग. यांना वरचा मिळालाय. मेहेकनं विचारलं, "अब्बा, डर नहीं लगेगा?" तर म्हणाले, "खाली नूरुद्दीन घोरतो, भूत जवळ येणार नाही." तिला हे सांगताना केवढे हसत होते! ती आत गेल्यावर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मेहेकला सगळं माहीत आहे. तिनं कालपासून सामान भरणं थांबवलं होतं. म्हणाली, "मैं नहीं जाऊँगी, कॉलेज नहीं चाहिए." तिला यांनी जवळ बसवून काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, दार लावलेलं होतं. बाहेर आली तेव्हा तिनं राहिलेले कपडे भरले.

यासीनला घ्यायला पाठव. बसस्टँडवर नाही, स्टेशनवर, बॅगा जड आहेत. त्याच्यासमोर मी रडले तर मला रडू दे. तू मध्ये पडू नकोस.

एक गोष्ट तिथं आल्यावर माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून इथंच लिहिते. तुझ्या माणसाला इथल्यांनी परत पाठवलं, म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. मी त्या वेळी मनात शुक्र केला होता की आमचे राहिले. आता तू रोज दुपारी यासीनला जेवायला वाढतेस ना, तसं माझ्यासमोर पहिले काही दिवस वाढू नकोस. मला बघवणार नाही. माझ्या माणसाला त्यांनी ठेवून घेतलं.

सकिना